फरक

फळ आणि फळा, मध्ये एका कान्याचा फरक.
त्या कान्यावर मी एकतीस वर्षं पगार घेतला.

निंभोऱ्याच्या फळविक्री संस्थेत
संध्याकाळी सातला दिल्लीचा फोन यायचा.
म्हणजे यायचा, असं आम्ही सांगायचो.
मी ओल्या फडक्यानं कालचा आकडा पुसायचो,
खडू मोडून घ्यायचो, अख्खा खडू किंचाळतो म्हणून,
आणि लिहायचो: नवती इतके, पिलबाग इतके, वापसी इतके,
कोपऱ्यात बारीक अक्षरात
फरक.
खाली वीस-पंचवीस टोप्या, सायकली,
जुवाला टेकलेला एखादा.
मोठ्यानं कुणी वाचायचं नाही.
नुसते ओठ हलायचे,
मग माणसं पांगायची,
आणि केळीच्या फाटक्या पानांतून रात्रभर
वारा काहीतरी मोजत राहायचा.

माझं अक्षर वळणदार होतं.
वळणदार आकड्यावर कोण शंका घेणार?

फळा अजून तिथंच आहे.
पोरांनी त्यावर तीन स्टंप काढलेत.

भारंब्यांची वैजयंती
बागेत रेंज नाही म्हणून ठिबकच्या टाकीवर चढते.
एका हातात फोन, दुसऱ्यात चप्पल.
घडाशेजारी शिंप्याची टेप धरून फोटो काढते,
केळ किती लांब, साल कशी, डाग कुठं,
आणि कानपूरचा कुणी अतीकभाई
न बघितलेल्या बागेला म्हणतो, माल अच्छा है.

परवा सकाळी शेटचा माणूस बांधावर आला.
"भाव पडेल आहे, ताई."
तिनं बुऱ्हाणपूरचा लिलाव पुढं धरला,
पावणेदहाचा, ताजा.
त्यानंही खिशातून आपला फोन काढला.
दोघं आपापल्या पडद्यात पाहत उभे,
पत्ते हातात धरल्यासारखे.
मग तो नुसता म्हणाला,
"गाडी कोन पाठवीन? कापनीले मानसं कोन आनीन?"
ती गप्प झाली.
घडाला रेंज लागत नाही,
तो आपल्या वेळेनं पिवळा होतो.

दोन दिवस गेले गाडी शोधण्यात.
चार घरांचा माल एकत्र केला तेव्हा ट्रक भरला,
आणि तरी शेवटच्या रांगेतले घड
वापसीत गेले. तेही सांगायला हवं.

त्या संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर आली.
"काका, तुमी लिहेत होते ना फळ्यावर?
सतरा घरांचा ग्रुप केला आमी.
रावेर, बुऱ्हाणपूर, कानपूर,
तिन्ही भाव रोज नीट मांडाले कोनी पाहिजे."
मी हो म्हणालो. लगेच. फार लगेच.

तिला काय माहीत,
एका मे महिन्यात, झाडं करपायला लागली होती तेव्हा,
शेट खुर्ची माझ्याजवळ ओढून म्हणाले होते,
"आज दहा कमी लिही."
आणि मी लिहिले होते दहा कमी,
दहाच्या शून्याला छान गोल देऊन.
मागच्या रांगेत तिचा सासरा उभा होता,
हलत्या ओठांनी.
क्विंटलला दहा, गावाचे क्विंटल किती,
आणि असे मे किती,
हा गुणाकार मी अजून केलेला नाही.
फोनमध्ये त्याचीही सोय आहे म्हणतात.

आता सातला मी अंगठ्यानं लिहितो.
पुसायला फडकं नाही,
आकड्याखाली वेळ उमटते, मिनिटासकट.
सवयीनं कोपऱ्यात फरक लिहायला जातो,
पण पडद्याला कोपरा नसतो,
सगळं एकाखाली एक, सारख्याच अक्षरात.
पाठवलं की बोटं पायजम्याला पुसतो.

काल एक मिनिटही झालं नव्हतं.
तिचा निरोप आला:
"काका, कानपूरचा भाव चुकला. परत पाहा."

पाहिलं. खरंच चुकला होता.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
खालून कुणीतरी बोललं.